खुलासा : तो आवाज जोन बाएझचा नाही

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय : लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममधल्या ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’ या गाण्यात अमेरिकन फोक गायिका जोन बाएझ गायली आहे. नाही हो! तो आवाज सँडी डेनीचा. फोक-रॉकवाल्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शनची ही गायिका. तोवर तिने तो बँड सोडला होता. झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट गोष्ट सांगत जातो आणि ती दवंडी पिटावी तशी मध्येच साद घालते. अंगावर काटा येतो. काल राजवाड्यामागे मित्राकडे जुनी रेकॉर्ड काढली. आतल्या कव्हरवर टोकाला टोक लावलेले तीन चिमुकले त्रिकोण आहेत, ती तिचीच खूण. झेपलिनच्या अल्बमवर गाणारी पाहुणी ती एकटीच. तिचं श्रेय दुसरीला देऊ नका, मेसेज दुरुस्त करूनच पुढे पाठवा.