ग्रंथपालांच्या 'निरुद्योगा'बद्दल

'एक शेतकरी' या नावाने लिहिणाऱ्या वाचकास,

शेतीच्या संकेतस्थळाची मांडणी ग्रंथालयाच्या वर्गीकरणावरून करावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. लेख लांबला हे मान्य. पण तुमचं हे वाक्य मात्र गिळवत नाही: "शोधचौकट (सर्च बॉक्स) असताना इंग्रजांच्या काळातली कपाटं वेबवर आणणं हा निवृत्त ग्रंथपालांचा निरुद्योग आहे."

मतभेद असू दे, पण ही भाषा? उमेदीची सगळी वर्षं मी तालुक्याच्या वाचनालयात काढली आहेत. पुस्तकांच्या यादीची कार्डं ठेवलेले लाकडी खण तुम्ही कधी चाळलेत का? खालच्या भोकांतून लोखंडी सळई ओवलेली असायची. पुस्तक फळीवर एकाच जागी. पण कार्डं तीन – लेखकाचं, नावाचं, विषयाचं. एका वस्तूला अनेक वाटा, हे आम्हाला इंटरनेटने शिकवलेलं नाही.

आणि काळ इंग्रजांचा असला तरी डोकं मद्रासचं होतं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पुस्तकांच्या वर्गीकरणाची त्यांची कोलन पद्धत १९३३ ची. दशांश वर्गीकरण करणाऱ्या अमेरिकन ड्युईसारखे विषयांचे तयार खण त्यांनी केले नाहीत. विषयाचे पैलू पाडायचे (व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ, काळ) आणि मग ते जोडायचे. शेतीत उतरवा: पीक, रोग, उपाय, जिल्हा, हंगाम. नाशिककडच्या खरीप कांद्यावरच्या जांभळ्या करप्याचा लेख 'कांदा' या खणात कोंबलात, तर 'रोग' उघडणाऱ्याला तो सापडणार कसा? पैलू लावलेत तर तोच लेख चहूकडून हाती येतो. खरेदीच्या ॲपवर डावीकडे माप, रंग, किंमत यांवर खुणा करता ना? तेव्हा निरुद्योग आठवत नाही!

राहिली तुमची लाडकी शोधचौकट. ज्याला 'करपा' हे नाव ठाऊक आहे, तो लिहील. पण पातीवर जांभळट, खोलगट चट्टे आणि वाळलेले शेंडे पाहून बावरलेला पोरगा काय लिहिणार? त्याला कांद्याखाली रोगांची फोटोंसकट यादी दिसली पाहिजे. तुम्ही स्वतःला शेतकरी म्हणवता, म्हणून हे तुम्हाला सांगावं लागतंय याचं आश्चर्य वाटतं.

शेकडो जुन्या लेखांना हे पैलू कोण लावणार, असंही विचारलंत. ज्याचा लेख त्याने लावावेत, त्यात काय एवढं. 'कांदा' आणि 'प्याज' दोन्ही लिहिणाऱ्यांचं काय, तेही बघता येईल. मोबाइलवर यादी मावत नाही, हा तुमच्या मोबाइलचा प्रश्न.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा. फक्त आधी संकेतस्थळाच्या कांद्याच्या पानावर 'रोग' आणि 'खरीप' या दोन्हींवर टिचकी मारा, काय येतं ते बघा, आणि मग बोला.