थर्मल मीटर वजन करत नाही

इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "थर्मल मास फ्लो मीटर थेट वस्तुमान मोजतो. दाबाची भानगड नाही. वायू कुठलाही चालतो, हवा ओली असली तरी बिघडत नाही. द्रवाला मात्र चालत नाही. बसवा आणि विसरा."

हा मीटर पाइपातून किती किलो गॅस वाहतोय ते उष्णतेवरून सांगतो. दाबाचं बरोबर आहे, आधी तेवढं पदरात घालतो. बाकीचं एकेक बघू.

"थेट वस्तुमान." नाही. प्रोबच्या, म्हणजे पाइपात खुपसलेल्या दांड्याच्या, टोकाला दोन पीटी-१०० (तापमान मोजणारे प्लॅटिनमचे सेन्सर) असतात. एक गॅसचं तापमान बघतो, दुसरा त्याच्यापेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेला असतो. वाहता गॅस त्याची उष्णता नेतो आणि तो फरक टिकवायला किती वीज लागली, ते मीटर मोजतो. गरम तारेवरून वारा किती उष्णता नेतो, याचं सूत्र एल. व्ही. किंगने १९१४ साली मांडलं. त्यात वेग आणि घनता जोडीनेच येतात, म्हणून ७ बार गेजला (बाहेरच्या हवेपेक्षा ७ बार जास्त दाबाला) हवा आठपट दाट झाली तरी वेगळा प्रेशर ट्रान्समीटर लागत नाही. पण उष्णतेवरून किलोवर जायचं ते कॅलिब्रेशनच्या आलेखावरून. 'थेट' हा शब्द थरथरत्या नळीतून वस्तुमानच मोजणाऱ्या कोरिओलिस मीटरला शोभतो.

"वायू कुठलाही." इथे खरी फसगत होते. हायड्रोजन हवेच्या सुमारे सातपट उष्णतावाहक आहे. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या दुप्पट. डिस्टिलरीच्या बायोगॅसमध्ये मिथेनचं प्रमाण हललं, की प्रवाह तोच असून आकडा हलतो. "फॅक्टर टाका की झालं," म्हणजे आकड्याला एका ठरावीक संख्येने गुणा, हे उत्तर ठरलेलं. नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेल्या मीटरला आर्गॉनसाठी सुमारे १.४ हा फॅक्टर खरा, पण तो थोडा गॅस बारीक नळीतून वळवून मोजणाऱ्या, बायपासवाल्या मीटरचा. पाइपात खुपसलेल्या प्रोबला तो लावू नका.

"ओली हवा." एका पावसाळ्यात मला कॉम्प्रेसर रूममध्ये बोलावलं होतं. रात्रपाळीत मशीन बंद, तरी हवेचा खप मध्येच उसळी मारायचा. सगळे लीकेज शोधत होते. मी लाइनचा ड्रेन कॉक उघडला, तर आधी पाण्याची चूळ आली, मग हवा. साचलेलं पाणी आपोआप सोडणारा ऑटोड्रेन अडकला होता. १ किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२५७ किलोज्यूल लागतात, तर १ किलो हवा १ अंशाने तापायला जेमतेम १. गरम टोकावर एक थेंब बसला तरी मीटरला वादळ आल्यासारखं वाटतं. ड्रेन साफ केला, उसळ्या थांबल्या.

"द्रवाला चालत नाही." चालतो की! बारीक डोसिंगमध्ये (अगदी थोडं द्रव मोजून सोडताना) याच तत्त्वाचे मीटर आहेत आणि पंप कोरडा पडला की ओरडणारे थर्मल फ्लो स्विचही. मोठ्या पाण्याच्या लाइनला मॅगमीटर (चुंबकीय क्षेत्रावर चालणारा मीटर) बरा पडतो, एवढंच.

"बसवा आणि विसरा." एल्बोला, म्हणजे पाइपाच्या वळणाला, चिकटून बसवलात तर चुकीचाच आकडा मिळणार, प्रवाह येतो त्या बाजूला पाइपाच्या व्यासाच्या साधारण १५ पट सरळ पाइप द्या. टोकावर तेलाचा थर चढला की उष्णता कमी जाते, आकडा खाली येतो. आणि दोन मीटर जुळत नसतील तर भांडण्याआधी सेटिंग बघा: एक ० अंश तापमान धरून घनमीटर दाखवतोय आणि दुसरा २० अंश धरून, तर ७ टक्के फरक तिथेच पडला.