मॅकगिल विद्यापीठ जेम्स मॅकगिलने उभारलं नाही

परदेशी शिक्षणाविषयीच्या पोस्टमधून एक मजकूर सारखा फिरत असतो: ‘ग्लासगोच्या लोहाराचा मुलगा जेम्स मॅकगिल कॅनडात गेला, फरच्या धंद्यात निव्वळ कष्टावर धनाढ्य झाला, 1812 च्या युद्धात कर्नल म्हणून लढला आणि सगळी संपत्ती देऊन 1821 साली मॅकगिल विद्यापीठ उभारलं.’

1821 साली मॅकगिल हयातच नव्हता. तो 19 डिसेंबर 1813 ला मॉन्ट्रियलमध्ये वारला. त्याने केलं ते मृत्युपत्र, जानेवारी 1811 मध्ये. मॉन्ट्रियलमधली बर्नसाइड नावाची त्याची 46 एकर मिळकत आणि 10,000 पौंड ‘रॉयल इन्स्टिट्यूशन’ या सरकारी शिक्षणसंस्थेला, पण अटीवर: मृत्यूपासून 10 वर्षांत त्याच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं पाहिजे, नाहीतर दान वारसांकडे परत. गोची इथेच झाली. ही संस्था 1801 च्या कायद्याने जन्मली होती, पण तिचं कारभारी मंडळ नेमलेलंच नव्हतं. 1821 हे ब्रिटनच्या राजाने कॉलेजला दिलेल्या सनदेचं साल आहे. तेव्हा ना वर्ग होते, ना विद्यार्थी. मॅकगिलच्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याकडचे देरिव्हिएर वारस ताबा सोडेनात. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं. बर्नसाइड हाती आल्यावर 24 जून 1829 ला उद्‌घाटन झालं, तेही 1823 पासून चालू असलेली वैद्यकीय शाळा जोडून घेऊन. पहिली पदवी 1833 ची, अर्थातच वैद्यकाची. कला शाखा 1843 मध्ये सुरू झाली.

‘सगळी संपत्ती’ हेही खोटं. उरलेला मोठा हिस्सा घरच्यांना गेला.

‘लोहाराचा मुलगा’ खरं आहे, पण 1756 मध्ये तो ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला होता. फाटक्या खिशाची कथा इथे बसत नाही. फरचा धंदा उधारीचा होता. लंडनहून मागवलेला माल मॉन्ट्रियलला यायचा, मोठ्या होड्यांतून सरोवरांकडे जायचा आणि कातडी परत लंडनला विकली जाईपर्यंत दोनेक वर्षं भांडवल अडकून पडायचं. प्रत्येकी 90 पौंड वजनाचे गठ्ठे वल्हेकरी वाटेत पाठीवरून वाहून न्यायचे. कष्ट होते, पण ते त्यांचे. शिवाय मॅकगिलच्या मालकीची गुलाम माणसं होती, कृष्णवर्णीय आणि मूलनिवासीही. हे पोस्टमध्ये कधीच नसतं.

राहिलं ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातलं युद्ध. जून 1812 मध्ये तो 67 वर्षांचा होता. मिलिशिया म्हणजे खडी फौज नव्हे. 16 ते 60 वयाच्या पुरुषांची सक्तीची हजेरी, आणि तिचे अधिकारी बहुतेक व्यापारी आणि जमीनदार. विधानसभा आणि कार्यकारी परिषदेत बसलेल्या मॅकगिलला कर्नलपद मिळालं ते त्या प्रतिष्ठेमुळे. मॉन्ट्रियलकडे येणारी अमेरिकन फौज 26 ऑक्टोबर 1813 ला शॅतोगे नदीकाठी अडवली गेली. तिथे नेतृत्व सालाबेरी या लष्करी अधिकाऱ्याचं होतं, मॅकगिलचं नाही.