‘डिलीट झालेली फाइल कुठेही जात नाही’ हे अर्धंच खरं आहे

एक मेसेज सध्या फिरतोय: ‘फाइल डिलीट झाली, रिसायकल बिन रिकामी केली, अगदी फॉरमॅट मारला तरी घाबरू नका. डेटा डिस्कवरच असतो. कुठलंही फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका आणि स्कॅन करा, सगळं जसंच्या तसं मिळेल. कितीही महिने झाले तरी चालेल.’ धीर द्यायचा हेतू चांगलाच आहे. पण याच मेसेजवर विसंबून हाती लागण्यासारखी फाइल कायमची गेलेली मी पाहिली आहे, म्हणून एकेक वाक्य तपासतो.

‘डेटा डिस्कवरच असतो.’ फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कबाबत हे बरंचसं खरं. डिलीट करताना विंडोज आतला मजकूर पुसत बसत नाही. फाइलच्या नोंदीवर ‘वापरात नाही’ अशी खूण होते आणि तिची जागा मोकळी धरली जाते, एवढंच. पण आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क असते, आणि तिथला हिशेब वेगळा. रिसायकल बिन रिकामी केली की विंडोज एसएसडीला ‘ट्रिम’ची आज्ञा देतं: जागेचे हे तुकडे (ब्लॉक) आता नको आहेत. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून हे आपोआप होतं. त्यानंतर ती जागा वाचली तर बहुतेक वेळा नुसती शून्यंच हाती येतात. फाइल बिनमध्ये आहे तोवर मात्र ती शाबूत असते, म्हणून आधी तिथे नीट बघा.

‘कुठलंही सॉफ्टवेअर टाका.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. टाका म्हणजे कुठे? लोक त्याच डिस्कवर टाकतात. मोकळी धरलेली जागा म्हणजेच तुमची गेलेली फाइल, आणि नव्या प्रोग्रॅमच्या फायली तिथेच जाऊन बसू शकतात. माझ्या एका मित्राने हेच केलं आणि वर सापडलेले फोटोही त्याच ड्राइव्हवर सेव्ह करत गेला. मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटो होते. एक उघडला तर वर तिचं कपाळ आणि डोळे, नाकाखाली सगळा सपाट राखाडी पट्टा. असे कितीतरी. त्याच्या शेजारी बसून ते एकेक उघडताना फार वाईट वाटलं.

करायचं ते असं: मशीन लगेच बंद करा. ब्राउझर उघडा ठेवला तरी डिस्कवर लिहिणं चालूच असतं. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने तिची हुबेहूब प्रत काढा आणि शोधाशोध त्या प्रतीवर करा. सापडलेलं वेगळ्या डिस्कवर ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ‘विंडोज फाइल रिकव्हरी’चीही अट हीच आहे की मूळ ड्राइव्ह आणि सेव्ह करायचा ड्राइव्ह वेगळे हवेत.

‘जसंच्या तसं मिळेल.’ नोंद शाबूत असेल तर नावासकट मिळतं. नोंदच गेली असेल तर फोटोरेकसारखा फुकटचा आणि खरोखर चांगला प्रोग्रॅम फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून शोध घेतो. जेपेग फोटोची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते, ते दिसले की तो तिथून फाइल उचलतो. पण मूळ नावं आणि फोल्डर यात बहुधा जातात; नंबर घातलेल्या हजारो फायली समोर येतात. शिवाय डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली फाइल, विशेषतः मोठा व्हिडिओ, अनेकदा अर्धवटच निघते.

‘फॉरमॅट मारला तरी.’ क्विक फॉरमॅट, म्हणजे मजकूर न पुसता फक्त नोंदी नव्याने मांडणारा, असेल तर हार्ड डिस्कवर अजून आशा असते. पण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितो. आजच्या हार्ड डिस्कवर ज्या डेटावर एकदा दुसरं काही लिहिलं गेलं, तो कुठलीही प्रयोगशाळा परत काढून देत नाही. ‘कितीही महिने’ याचं उत्तरही त्यातच आलं: वापरात असलेल्या डिस्कवर रोज काहीतरी नवं लिहिलं जातंच.

एका गोष्टीचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर स्कॅन करूच नका. तो बिघाड यंत्राचा आहे, आणि डिस्क चालू राहिली तर डेटा वाचणारं हेड तबकडीवर ओरखडे पाडू शकतं. वीज तोडा आणि धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्या जाणकारांकडेच ती द्या.