कौलं मोजून ठेव

आज दुपारी तीन तास नेट नव्हतं, तर मुंबईहून आलेला भाचा ओटीवर नुसत्या येरझारा घालत होता. तिकडे 'ती' म्हणे समजणार, हा मुद्दाम रिप्लाय देत नाही! वर मलाच सांगतो, "मावशी, हे लाइट-मोबाइल कायमचं बंद पडलं ना, तर कसलं भारी! फक्त दोघं, समुद्र आणि शेकोटी." कुठलीतरी सिरीज बघून आलाय. जगबुडी झाली तरी त्यातल्या हिरॉइनचे केस धुतलेले.

शेकोटी! जूनमध्ये ओली लाकडं फुंकून बघ म्हणावं.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्या दिवेआगरावरून गेलं. संध्याकाळी वाडीत उभी राहिले तर पलीकडच्या आळीतली घरं दिसत होती, जी लग्न होऊन आल्यापासून कधी दिसली नव्हती. मध्ये पोफळीच उरल्या नव्हत्या. लाइट नाही, टॉवर नाही. विहिरीत पाणी होतं, पण पंप बंद आणि रहाट तर कधीच मोडीत घातलेला. दोरीला कळशी बांधून पाणी काढलं. मीच काढलं. सिरीजमध्ये पाणी कोण काढतं, दाखवतात का?

हे लॉकडाऊनमुळे मुंबईत अडकलेले. मी जिवंत आहे की नाही, तेही कळायला मार्ग नाही. आठव्या दिवशी ताडपत्र्या घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याने ह्यांची चिठ्ठी दिली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याने लिहिलेलं हे पहिलं पत्र. हात थरथरत होते हो!

आणि आत काय? 'फुटकी कौलं मोजून ठेव. मेन स्विच बंद कर. आईची औषधं बघ. रात्री माजघरात झोप, पडवीत नको.'

बस. डोकंच फिरलं. कशी आहेस, एवढं तरी विचारावं की नाही?

सासूबाईंचं इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवलं होतं, आणि ते टिकेल का या धास्तीने मला झोप नव्हती. तेव्हा फ्रीज हवाच, बाबांनो. मोबाइलही हवा, कबूल.

पण आमच्या शेजारचे आजोबा रात्रभर सुपारीच्या विरीने, म्हणजे झावळीच्या रुंद बुडख्याने, आजींना वारा घालायचे. हात दुखला की हात बदलायचे. अंधारात विरीचा फट्फट् आवाज आमच्या माजघरापर्यंत यायचा. तो थांबला की मी जागी व्हायची.

त्या आवाजातच कधीतरी चिठ्ठी पुन्हा आठवली. पडवीचा वासा कलला होता. आठ दिवस लांब बसून ह्यांना तो बरोबर आठवला होता.

तरी राग होताच. सकाळी फुटकी कौलं आणि कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, मोजून त्याच कागदाच्या मागे लिहिलं, 'कौलं २१४, कोने ९.' बाकी एक अक्षर नाही. दिली टेम्पोवाल्याकडे.

पुढच्या आठवड्यात हे आले. टेम्पोत कौलं २५०, कोने १२ आणि रहाटाची लोखंडी चाक-कप्पी.