सव्विसाव्या पानावर थांबा

अमेरिकेचं कसं वाटोळं झालंय हे सांगणारं एखादं पुस्तक बाजारात कायम असतंच. जाडजूड. मुखपृष्ठावर गंजलेला कारखाना नाहीतर सुरकुतलेला झेंडा. उपशीर्षक एवढं लांब, की तेवढं वाचलं तरी अर्धं पुस्तक हातावेगळं केल्यासारखं वाटावं. तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत असा, किंवा नातवंडं सांभाळायला पुण्याहून सहा-सहा महिने तिकडे जात असा, हे पुस्तक कधीतरी तुमच्या हातात पडणार आणि त्यावर चारचौघांत मत द्यावं लागणार. म्हणून हा उपदेश. मी न्यू जर्सीत वीस वर्षं अशा पुस्तकांवर बोलतोय, वाचतोय त्याहून बराच कमी. तेव्हा माझा अधिकार मोठा आहे.

मुळात पुस्तक पुरं करण्याच्या फंदात पडू नका. थॉमस पिकेटी या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाचं संपत्तीच्या विषमतेवरचं जवळजवळ ७०० पानी पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आलं आणि अमेरिकेत धो धो खपलं. जॉर्डन एलेनबर्ग या गणिताच्या प्राध्यापकांनी तेव्हा गमतीत एक हिशेब मांडला. किंडलवर लोक आवडलेल्या ओळींवर खुणा करतात. सगळ्यात जास्त खुणा झालेल्या पाच जागा पुस्तकात कुठवर पसरल्यात ते पाहिलं, की वाचक कुठे गळाले याचा अंदाज येतो. पिकेटींच्या पुस्तकात या पाचांतली शेवटची जागा पान २६ वर होती. सत्यनारायणाच्या कथेला आलेली माणसंसुद्धा यापेक्षा जास्त अध्याय जागी असतात. पण म्हणून त्या उन्हाळ्यात पिकेटींवर बोलायचं कुणी थांबलं होतं का?

परीक्षण मात्र वाचा. त्याला थोर परंपरा आहे. मायकेल हॅरिंग्टन यांनी १९६२ साली अमेरिकेतल्या गरिबांवर पुस्तक लिहिलं. पुढच्याच जानेवारीत ड्वाइट मॅकडॉनल्ड यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्याचं लांबलचक परीक्षण केलं. अध्यक्ष केनेडींनी पुस्तक वाचलं होतं की नुसतं परीक्षण, यावर अभ्यासकांचा अजून काथ्याकूट चालू आहे. जानेवारी १९६४ मध्ये त्यांच्यानंतरचे अध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं, त्यामागे या पुस्तकाचाही हात होता असं मानतात. परीक्षणावर एवढं भागू शकत असेल, तर तुम्हाला फक्त शनिवारच्या पॉटलकला बोलायचंय, तेही पावभाजी आणि गुलाबजाम यांच्या मधल्या वेळात.

दोषी कोण हे पुस्तक उघडण्याआधी ठरवून ठेवा. वाचताना ठरवायला गेलात तर पंचाईत होते. उदाहरणार्थ, २००८ च्या मंदीवरचं प्रकरण. ठेवी सांभाळणाऱ्या बँका आणि शेअरबाजारात खेळणाऱ्या बँका यांच्यामध्ये १९३३ मध्ये कायद्याने भिंत घातली होती. ती १९९९ मध्ये पाडली. पाडणारं विधेयक रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसने मंजूर केलं, सही डेमोक्रॅट क्लिंटन यांनी केली. आता बोला! असं काही समोर आलं, की ‘लेखक जरा गोंधळलेला वाटतो’ म्हणावं आणि पान उलटावं.

आणि लेखकाबद्दलचं मत कधीही पक्कं करू नका. जे. डी. व्हान्स यांचं ओहायोतल्या गरीब गोऱ्या कुटुंबातल्या बालपणाचं पुस्तक २०१६ मध्ये आलं. ट्रम्प निवडून कसे आले हे समजून घ्यायला आमच्या ओळखीतल्या यच्चयावत उदारमतवाद्यांनी ते डोक्यावर घेतलं. मला ते दोघांनी वाढदिवसाला दिलं. पुढे लेखक ट्रम्प यांच्याच बाजूला जाऊन सेनेटर झाले, २०२५ मध्ये उपाध्यक्ष झाले. दोन्ही प्रती अजून माझ्याकडेच आहेत. देणारे म्हणतात, पहिल्यापासूनच काहीतरी खटकत होतं.

डोळ्यांत पाणी आणणारं एक प्रकरण अशा पुस्तकात असतंच, तिथे मनसोक्त रडून घ्या. लेखिका बार्बरा एहरनराइक यांनी वेट्रेसचं काम केलं, लोकांची घरं पुसली, वॉलमार्टमध्ये कपडे लावले, आणि एवढ्या पगारात घरभाडंसुद्धा निघत नाही हे २००१ मध्ये लिहून ठेवलं. दोन वर्षांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांना ते पुस्तक सुट्टीत वाचायला सांगितलं, तर विरोधकांनी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन ओरड केली. आपण असं काही करणारे नव्हेत. आपण हळहळतो. टिप मिळवणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकून पडलंय, हे वाचून आपला घास अडतो. फक्त बिल आलं की टिप करासकट रकमेवर काढायची की कर वजा करून, हा प्रश्न तत्त्वाचा असल्यामुळे तिथे भावनेला थारा देऊ नका.

तुम्ही पुण्यात बसून वाचणार असाल तर काम सोपं आहे. ‘बघा, महासत्ता म्हणे!’ एवढं पुरतं. मग व्हिसाची तारीख कधीची मिळाली ते विचारा. (पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं, तेही तिथे हिंडून-फिरून, बघून. पण त्यांना जावयाची नोकरी जायची भीती नव्हती.)

आता खरी सावधगिरी. या प्रत्येक पुस्तकात कुठेतरी एक पान तुमच्यावर असतं. नाव नसतं, पण वर्णन जुळतं. बहुधा ते घरांच्या प्रकरणात येतं. शाळेचा पैसा मोठ्या प्रमाणात गावाच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. म्हणून ‘स्कूल डिस्ट्रिक्ट चांगलं’ असलेल्या गावात घरं महाग. घरं महाग, म्हणून शाळा चांगली. आणि ती महाग राहावीत म्हणून झोनिंगचे नियम असे, की एका कुटुंबाच्या ऐसपैस बंगल्याखेरीज दुसरं काही बांधताच येऊ नये. वर तुमच्या गृहकर्जाच्या व्याजावर करात सवलत, तीही उत्पन्न जास्त त्यांना जास्त. पुस्तकातले सगळे खलनायक वॉल स्ट्रीटवर राहत असताना हा लेखक मधेच आपल्या गल्लीत का शिरतो, कळत नाही.

न्यू जर्सीकरांनी तर हे पान चिकटवूनच टाकावं. इथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच माउंट लॉरेल गावाच्या खटल्यात सांगितलं, की प्रत्येक वाढत्या गावाने गरिबांना परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलला पाहिजे. खुद्द माउंट लॉरेलमध्ये ज्या कृष्णवर्णीय बाईंनी, एथेल लॉरेन्स यांनी, हा लढा उभा केला, त्यांच्या नावाची घरं उभी राहायला २००० साल उजाडलं. बाई तोवर गेल्या होत्या. नंतर प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी आजूबाजूला तपासलं, तर घरांच्या किमती पडल्या नव्हत्या की गुन्हे वाढले नव्हते. पण हेही पान २६ च्या बरंच पुढे येतं.

तेव्हा तुमच्या टाउनशिपकडून, म्हणजे गावाच्या कारभाराकडून, जाड कागदावर नोटीस येईल, की कोपऱ्यावरच्या रिकाम्या जागेवर परवडणाऱ्या घरांची इमारत प्रस्तावित आहे, सुनावणी मंगळवारी साडेसातला. जा. आमच्याकडे बोलायला तीन मिनिटं देतात. ‘मी गरिबांच्या विरोधात मुळीच नाही’ ही सुरुवात. मग ट्रॅफिक, मग पावसाच्या पाण्याचा निचरा, मग वर्गातली मुलांची संख्या. झाडांचा विषय शेवटी काढा, टाळ्या मिळतात. शेजारचा ट्रम्पवाला, ज्याच्याशी तुम्ही २०१६ पासून बोलत नाही, तोही वाजवील. अमेरिकेत दोन टोकांची माणसं एकत्र येऊच शकत नाहीत असं पुस्तकात लिहिलंय ना, ते तिथे खोटं ठरताना दिसेल.

घरी आल्यावर ती नोटीस फेकू नका. कागद चांगला जाड असतो. मधोमध घडी घालून पुस्तकात खुणेला ठेवा, पान २६ वर.