हॉटेलात वाजवणाऱ्याबद्दल थोडं आणखी

‘एक जुना ठाणेकर’ यांस,

स्टेफान ग्रापेलीवरच्या लेखाखाली तुम्ही चांगली लांबलचक हजेरी घेतलीत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. हा माणूस जन्मभर हॉटेलांत, लोक जेवत असताना, व्हायोलिनवर गोडगोड जॅझ वाजवत राहिला. खरा प्रतिभावंत त्याच्या जोडीचा गिटारवाला जँगो राइनहार्ट, ग्रापेली नुसता साथीदार. वाजवण्यात दुःख नाही, म्हणून खोली नाही. आणि शेवटचा टोला: डोंबिवलीत गजाननबुवा जोशींसारखा व्हायोलिनवादक राहून गेला असताना ठाण्यात बसून पॅरिसचे गोडवे कशाला?

शेवटच्या टोल्याकडे शेवटीच येतो. आधी हॉटेल.

ज्या वाद्यवृंदामुळे जँगोचं नाव जगभर झालं, त्या ‘हॉट क्लब’च्या पाच जणांचं जमलं तेच मुळी हॉटेलात. 1934 साल, पॅरिसचं क्लॅरिज हॉटेल. तिथे चहाच्या वेळच्या नाचासाठी लुई व्होलाचा बँड असायचा आणि हे दोघंही त्यात पगारी वादक. ग्रापेली सांगायचा की एकदा व्हायोलिनची तार तुटली, नवी चढवून सूर लावताना त्याने सहज एक धून छेडली आणि जँगोने ती गिटारवर उचलली. मग रोज मध्यंतरात पडद्याआड हाच उद्योग. पुढे आणखी दोन गिटार आले आणि खुद्द व्होलाचा डबल बास. ड्रम नाही, ट्रंपेट नाही, सगळा मामला तारांचा.

हा विचित्र संच व्हायोलिनच्या पथ्यावर कसा पडला ते बघा. ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ड्रमच्या गदारोळात व्हायोलिनचा आवाज टिकत नाही. वादक गज दाबून ओढतो, सूर कर्कश होतो, तरी मागच्या रांगेपर्यंत काही पोचत नाही. इथे दोन गिटार नुसता ठेका धरायचे, कोरडा, लगेच तोडलेला, ‘छक-छक’ असा. त्यावर ग्रापेलीला गज अलगद फिरवता आला. एका ओढीत लांबच लांब वाक्यं, मध्येच वरच्या सप्तकातला शिट्टीसारखा सूर, आणि उतरताना हलकेच घसरत येणं. तुम्हाला जे ‘गोडगोड’ वाटलं त्याचं मूळ या मांडणीत आहे.

आणि हॉटेल म्हटल्यावर नाक मुरडायचं तर आपल्या मुंबईचं काय? 1935 साली ताजमहाल हॉटेलात कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन आला तो लिऑन ॲबे. तोही व्हायोलिनवालाच! पुढे गोव्याच्या वादकांनी हे संगीत आत्मसात केलं. रात्री हॉटेलात, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, अशी त्यांची कितीतरी वर्षं गेली. ज्या जुन्या हिंदी गाण्यांतल्या व्हायोलिनच्या ताफ्यावर तुम्ही-आम्ही फिदा आहोत, त्यातले बरेच हात हॉटेलांत तयार झालेले.

घोडबंदर रोडच्या एका लॉनवर रिसेप्शनला गेलो होतो. स्टेजच्या कडेला कीबोर्ड आणि व्हायोलिन. व्हायोलिनवाले गृहस्थ साठीच्या पुढचे, कोट दोन मापं मोठा. ठरलेली गाणी वाजवत होते, लोक पाणीपुरीच्या रांगेत. मध्येच त्यांनी एका गाण्याचा अंतरा सोडून दिला आणि भलत्याच वाटेने चार आवर्तनं फिरून अचूक समेवर परतले. कीबोर्डवाल्या पोराने चमकून पाहिलं, हे नुसते भुवया उडवून हसले. कुणी टाळी दिली नाही. पण मला विचाराल तर कुणी ऐकत नसतं तेव्हाच वादक असले धोके पत्करतो. गडकरी रंगायतनात तिकीट काढून बसलेल्यांसमोर त्याची छाती होत नाही.

आता ‘साथीदार’. जँगोची झेप मोठी, याबद्दल वादच नाही. आगीत डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झालेला माणूस उरलेल्या दोन बोटांवर ते सोलो वाजवायचा. पण त्याला स्वरलिपी येत नव्हती आणि ठरल्या वेळी तो उगवेल याची खात्री नसायची. पोचणं, सांभाळून घेणं, कार्यक्रम पार पाडणं ग्रापेलीकडे. 1939मध्ये लंडनच्या दौऱ्यात युद्ध पेटलं. जँगो पॅरिसला परतला, ग्रापेली लंडनलाच राहिला आणि बॉम्बवर्षावाच्या दिवसांतही वाजवत राहिला. 1953मध्ये जँगो गेला, अवघ्या 43व्या वर्षी. ग्रापेलीने त्यानंतर 44 वर्षं काढली, 1997पर्यंत, आणि अखेरच्या काळात चाकाच्या खुर्चीत बसून कार्यक्रम केले. इतकी वर्षं साथ तरी कुणाची करत होता म्हणायची?

या काळात त्याने पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातला व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन याच्याबरोबर रेकॉर्डी काढल्या. मेनुहिनसारख्या दिग्गजाला त्याचे ‘उत्स्फूर्त’ तुकडे आधी लिहून द्यावे लागत, ग्रापेली शेजारी उभा राहून तिथल्या तिथे सुचेल ते वाजवायचा. 1984मध्ये आपले कर्नाटक संगीतातले व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम यांच्याबरोबरही त्याचा अल्बम झाला. वय 76.

दुःखाचं म्हणाल तर ते कमी नव्हतं. आई लहानपणीच गेली. पहिल्या महायुद्धात बाप इटलीच्या सैन्यात भरती झाला आणि पोरगं अनाथाश्रमात. परत आल्यावर बापाने सूट गहाण टाकून व्हायोलिन घेऊन दिलं. मग पोटासाठी रस्त्यावर वादन, मग मूकपटांच्या थिएटरात. हे सगळं त्याच्या वादनात ऐकू येत नाही, हे तुमचं निरीक्षण बरोबरच आहे. पण ऐकू यायलाच हवं हा हट्ट का? आपल्याकडे डोळे मिटून मान हलवल्याशिवाय खोली मोजताच येत नाही, त्यातला प्रकार. त्याच्या उत्तरायुष्यातल्या काही रेकॉर्डी मलाही गुळचट वाटतात. 1966मध्ये बाझलला चार जॅझ व्हायोलिनवाले एका मंचावर आले होते. त्यात स्टफ स्मिथचा खरखरीत, चावरा गज ऐकल्यावर ग्रापेली फारच सभ्य वाटतो. सभ्य म्हणा, उथळ नका म्हणू.

राहिले गजाननबुवा. गवई आणि व्हायोलिनवादक, दोन्हीकडे सारखाच दरारा. आपल्या पद्धतीत वाद्याचं टोक पायावर टेकलेलं असतं, म्हणून डावा हात मोकळा राहतो आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघते. हनुवटीखाली व्हायोलिन धरणाऱ्याला ती सोय नाही. बुवांवर लिहायचं तर इथून सुरुवात करता येईल. पण मी त्यांना फक्त रेकॉर्डिंगमधून ऐकलंय. तुम्ही डोंबिवलीत समोर बसून ऐकलंत, असं प्रतिक्रियेतच लिहिलंय. मग लिहा ना! टायपिंगचा कंटाळा असेल तर वहीच्या पानांचे फोटो पाठवा, टाइप मी करतो. शब्दमर्यादा नाही, आणि ग्रापेलीला चार शिव्या घातल्यात तरी एक शब्द कापणार नाही.